पहिल्यांदा सशांची जोडी लावताना

आमच्याकडं सशांचं पहिलं वेत झालं, तेव्हा ते होणार आहे हेच मला माहीत नव्हतं. आठवडी बाजारातून दोन पांढरे ससे आणले होते. विकणाऱ्यानं "दोन्ही माद्याच आहेत ताई, बिनघोर ठेवा" असं सांगितलं होतं. जानेवारीतल्या एका पहाटे पाणी ठेवायला गेले तर पिंजऱ्याच्या जाळीवर तीन पिल्लं पडलेली, आणि जाळीतून निसटून खाली फरशीवर आणखी दोन. उघडी, गुलाबी, गार. त्या दोघांतल्या मादीनं, आमच्या कापशीनं, पोटाचे केस उपटून ठेवले होते, पण ते साठवायला पिंजऱ्यात ना खोकं होतं ना काड. ते केस वाऱ्यानं अंगणभर झाले होते. पाचातलं एकही वाचलं नाही. आणि नर तिच्याच पिंजऱ्यात असल्यामुळं बरोबर ३१ दिवसांनी ती पुन्हा व्याली.

त्या पाच पिल्लांचं मला आजही वाईट वाटतं, कारण त्यांच्या आईनं तिचं सगळं काम केलं होतं. राहिलं होतं ते माझं काम. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. आम्ही तासगावजवळ राहतो, घरची द्राक्षबाग आहे, ससे हौसेचे आहेत. धंद्यासाठी ससेपालन करणाऱ्यांचं गणित वेगळं असतं, ते मी सांगणार नाही. घरात दोन ससे आहेत आणि एकदा पिल्लं व्हावीत असं वाटतंय, त्यांच्यासाठी हे आहे. सगळी धावपळ पिल्लं व्हायच्या आधी करायची असते. पिल्लं झाल्यावर शक्य तितकं लांब राहायचं असतं. आपल्याकडं बहुतेक जण नेमकं उलट करतात.

जोडी लावण्याआधी

पहिलं काम वहीत करायचं. एका वेताला चार ते आठ पिल्लं होतात. ती कुणाला देणार, त्यांची नावं लिहा. "बघू, कोणी ना कोणी नेईल" हे नाव नव्हे. ससा नीट सांभाळला तर आठ-दहा वर्षं जगतो, म्हणजे पहिलीतल्या पोरानं हट्टानं नेलेला ससा ते पोर कॉलेजला जाईपर्यंत सांभाळावा लागतो. नेणाऱ्याला हे आधी सांगा. माझ्या वहीत किमान पाच पक्की घरं झाल्याशिवाय मी जोडी लावत नाही. मटणासाठी कोणी मागितलं तर मी देत नाही, हा माझा नियम. तुमचा काय तो तुम्ही आधीच ठरवा, दारात माणूस उभा राहिल्यावर नाही. आणि "पिल्लं वाढवा, आम्ही विकत घेऊ" म्हणणाऱ्यांच्या भरवशावर तर अजिबात सुरुवात करू नका. कडकनाथ कोंबड्यांच्या योजनेत आपल्या जिल्ह्यातल्या कितीतरी घरांचे पैसे अडकले, ते सगळ्यांनी पाहिलं आहे.

दुसरं, नर कोण आणि मादी कोण हे स्वतः बघा. सशाला मांडीवर उताणं घ्या, पाठीला आधार द्या, आणि शेपटीच्या वरची जागा दोन बोटांनी हलकेच दाबा. नराचं छिद्र गोल असतं आणि छोटी नळी बाहेर आल्यासारखी दिसते. मादीची उभी चीर दिसते. चार महिन्यांच्या पुढच्या नराच्या दोन्ही बाजूंच्या बिनकेसाच्या पिशव्या तर सहज ओळखू येतात. दीड-दोन महिन्यांच्या पिल्लात मात्र भल्याभल्यांची चूक होते, तेव्हा दोन आठवड्यांनी पुन्हा बघा.

दोघं एकाच वेतातले नसावेत. बाजारात एका टोपलीतले दोन उचलले की बहुधा ते बहीणभाऊच निघतात. माझ्या कापशीचं तेच झालं असणार. मी नंतर नर मिरजेहून आणला.

लहान आणि मध्यम चणीची मादी पाच-सहा महिन्यांची झाली की चालते. न्यूझीलंड व्हाइट किंवा जायंटसारखी मोठी जात असेल तर सात-आठ महिने थांबा. मादी लठ्ठ नसावी. गळ्याखाली चरबीची वळकटी आणि दिवसभर पसरून बसणं असेल, तर आधी गोळी पेंड कमी करा, तिला रोज अंगणात फिरू द्या आणि महिनाभर थांबा. लठ्ठ मादी बाळंतपणाच्या तोंडावर अन्न सोडते आणि त्यातच दगावू शकते. ओठ वर करून पुढचे दात बघा. वरचे दात खालच्या दातांच्या पुढं नीट बसायला हवेत. वाकडे वाढणारे दात पिल्लांत उतरतात, म्हणून अशा सशाची जोडी लावायचीच नाही, मग तो कितीही देखणा असो. नाक वाहत असेल, पुढच्या पंजांची आतली बाजू चिकट असेल, कानात तपकिरी पापुद्रे असतील, तर आधी जनावरांच्या डॉक्टरांना दाखवा.

इथं औषधांचं एक सांगते, कारण यानं हकनाक ससे मरतात. घरात उरलेली अमॉक्सिसिलिनसारखी गोळी सशाच्या तोंडात घालू नका. त्याच्या आतड्यातले चांगले जंतू मरतात आणि ससा जातो. कुत्र्याच्या गोचिडांवरचं फिप्रोनिलसुद्धा सशाला कधीच लावू नका.

अजून एक गोष्ट, बांधावरच्या सशाची. ऊसतोडीत किंवा हरभऱ्याच्या रानात कधी रानसशाचं पिल्लू सापडतं आणि पोरं ते घरी आणतात, "आपल्या सशाशी जोडी लावू" म्हणून. ते होत नाही. आपला पांढरा ससा मूळचा युरोपातला, बीळ करून राहणारा. रानातला ससा वेगळ्याच जातीचा. त्याची पिल्लं अंगावर केस आणि डोळे उघडे घेऊनच जन्मतात. दोघांची गुणसूत्रंही वेगळी, पाळीव सशाची ४४ आणि रानसशाची ४८. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं रानसशाला संरक्षण आहे, तो घरात ठेवणं गुन्हा आहे. पिल्लू होतं तिथंच ठेवा. त्याची आई दिवसा जवळ थांबत नाही, अंधार पडल्यावर पाजायला येते.

केव्हा लावायची

आपल्या भागात हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. सशाला थंडी सोसते, ऊन सोसत नाही. पारा ३० च्या पुढं टिकला की नराचं वीर्य खराब होतं, आणि मे महिन्यात तापलेला नर पाऊस सुरू झाल्यावरही दीड-दोन महिने कामाचा नसतो. जूनमध्ये जोडी लावून "मादीत दोष आहे" म्हणणारे मी पाहिले आहेत. दोष उन्हाळ्याचा असतो.

मी भाऊबीज उरकली की जोडी लावते. त्याची कारणं दोन. एक, पिल्लं डिसेंबरच्या आसपास होतात आणि खरड छाटणीच्या आधी, म्हणजे एप्रिलचं ऊन लागायच्या आत मोठी होऊन आपापल्या घरी गेलेली असतात. दुसरं, आवाज. पहिलटकरणीला दचकवलं तर ती खोक्यात उडी घेऊन पिल्लं तुडवते, कधी खातेसुद्धा. गणपतीत इथं रथाला सगळा तासगाव लोटतो, मग दसरा, मग दिवाळीचे फटाके. तेवढे दिवस मादी मोकळीच असलेली बरी.

जोड

मादीला नराच्या पिंजऱ्यात न्यायचं. नराला मादीच्या पिंजऱ्यात कधीच नाही. मादी आपली जागा राखते, नराला फाडून काढते. मिरजेच्या नराच्या कानाचा तुकडा असाच गेला, तेव्हा मला हे कळलं.

गाय-म्हैस जशी ठरावीक दिवसांनी माजावर येते, तसं सशाचं नसतं. जोड झाल्यावर साधारण दहा ते तेरा तासांनी मादीचं बीज सुटतं. म्हणून तारखा मोजत बसायची गरज नाही, फक्त मादी तयार आहे का ते बघायचं. तिची जागा फिकट असेल तर थांबा, लालसर आणि थोडी फुगीर असेल तर न्या. सकाळी ऊन चढायच्या आत नेलेलं बरं. तयार मादी मागचा भाग उचलते. नराचं काम काही सेकंदांत होतं, आणि तो एकदम बाजूला किंवा मागं कोसळतो, कधी चीत्कारतो. घाबरू नका, जोड झाल्याची तीच खूण आहे. मादी कोपऱ्यात बसून राहिली किंवा चावायला लागली तर लगेच बाहेर काढा आणि दोन-तीन दिवसांनी पुन्हा न्या. तिला धरून ठेवून जोड लावू नका. जोड झाली की तिला परत तिच्या जागी सोडा. मी संध्याकाळी अजून एकदा नेते, त्यानं खात्री वाढते. मग तारीख कॅलेंडरवर. दोघांना एकत्र ठेवून दिलं तर तारीखच कळत नाही, आणि आमच्या पहिल्या वेताला झालं तेच होतं.

गाभण राहिली का हे दहाव्या ते चौदाव्या दिवसात पोट चाचपून कळतं. आमच्या भागातल्या माणसाला समजावणं सोपं आहे: हाताला द्राक्षाचे मणी लागावेत तसं लागतं, मऊ, गोल, बोटाखालून सरकणारं. लेंड्या लागल्या तर त्या कडक असतात. दाबून बघायचं नाही, हात नुसता खालून फिरवायचा. जमत नसेल तर सोडून द्या. खात्री करायला तिला पुन्हा नराकडं नेण्याची पद्धत आहे, ती मला पटत नाही. काही माद्या गाभण असतानाही नराला घेतात, त्यातून काहीच कळत नाही.

सतराव्या-अठराव्या दिवशी मादी अचानक केस उपटून काड गोळा करायला लागली तर पोट खोटं आहे. जोड लागली पण गर्भ राहिला नाही, शरीराला मात्र तसं वाटलं. त्यानंतर ती सहसा लवकर तयार होते.

खोकं आणि खाणं

गर्भ ३० ते ३२ दिवसांचा. खोकं २८ व्या दिवशी आत ठेवायचं. आधी ठेवलं तर ती त्यात लेंड्या टाकून घाण करते, उशीर झाला तर जाळीवर विते.

आमच्याकडं द्राक्षाच्या पुठ्ठ्याच्या पेट्या ढिगानं असतात. दुसऱ्या वेताला मी तीच वापरली. दोन दिवसांत लघवीनं भिजून तळ फाटला. माल काढायची प्लॅस्टिक कॅरेट घेऊ नका, तिच्या फटींतून वारा लागतो आणि पिल्लांचे पाय अडकतात. शेवटी गल्लीतल्या सुताराकडून प्लायवूडचं खोकं करून घेतलं. दीड फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच, वर अर्धं झाकण. पुढची फळी सहा इंचांवर कापलेली, म्हणजे मादी सहज आत जाते आणि पिल्लं बाहेर पडत नाहीत. तळाला बारीक भोकं, लघवी झिरपायला. आत गव्हाचं काड किंवा खडखडीत वाळलेली हराळी, चार बोटं जाड. कापूस, चिंध्या, लोकरीचे तुकडे घालू नका. धागे पिल्लांच्या पायाला गुंडाळतात आणि पाय सुजून काळा पडतो. माया म्हणून आपण ऊबदार कापड घालतो आणि पिल्लू लंगडं होतं.

पिंजऱ्याच्या स्टँडचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा. लाल मुंग्यांना नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांचा वास लागतो, आणि एका रात्रीत त्या काय करतात ते सांगवत नाही. मुंगूस आणि घूस आत जाणार नाही अशी अर्ध्या इंचाची जाळी लावा.

खाण्यात मुख्य वाळलेलं गवत, दिवसभर समोर हवं. एरवी मी लसूणघास थोडाच देते, त्यात कॅल्शियम जास्त असतं. पण गाभण आणि पाजणाऱ्या मादीला तोच चालतो, रोज मूठ-दोन मूठ, सावलीत तासभर सुकवून. सोबत हराळी, मेथी-कोथिंबिरीच्या काड्या, मुळ्याचा पाला. गाजर म्हणजे गोड खाऊ, त्याची एक चकती पुरे. बेदाण्याचंही तसंच, घरात पोत्यानं असला तरी सशाला एखादाच. बटाटा आणि टोमॅटोचा पाला, कांदा, लसूण, घाणेरी, धोतरा, एरंड, रुई यातलं काहीही नको.

आणि बागायतदारांना हात जोडून सांगते, द्राक्षाचा पाला, छाटणीतल्या काड्या, बागेच्या बांधावरची हराळी यातलं काही सशाला घालू नका. ऑक्टोबर छाटणीनंतर फवारणीला खळ नसतो, आणि वारा असला की औषध बांधावरही बसतं. मी आमच्या विहिरीपलीकडच्या पडीक तुकड्यातलंच गवत कापते.

पाणी कधीच संपू देऊ नका. पाजणारी मोठी मादी दिवसाला लिटरभर पाणी सहज पिते. विताना तहानलेली मादी पिल्लं खाते असं जुने लोक म्हणतात, आणि माझ्या दोन वेतांच्या अनुभवावरून मला ते खरं वाटतं.

व्याल्यावर

बहुधा रात्री किंवा पहाटे विते, अर्ध्या तासात आटोपतं. सकाळी खोक्यात केसांचा ढीग दिसेल आणि तो हलत असेल. मादीला लसूणघासाची मूठ देऊन बाजूला घ्या, हात स्वच्छ धुवा, वासाचा साबण नको, हातावर तिचेच उपटलेले केस चोळा, आणि एकदाच आत बघा. मेलेलं पिल्लू, वार राहिली असेल तर काढा, जिवंत किती ते मोजा, केस परत वर पसरा. माणसाचा हात लागला की आई पिल्लं टाकते असं आपल्याकडं सांगतात. आपल्या ओळखीची मादी तसं करत नाही. अनोळखी वास, कुत्रं, सारखी गर्दी, यानं मात्र बिथरते.

एखादं पिल्लू बाहेर पडून गार झालेलं असेल तर ते मेलं असं लगेच धरू नका. ओंजळीत घेऊन उराशी धरा, किंवा कोमट पाण्याच्या बाटलीला फडकं गुंडाळून त्याशेजारी ठेवा. वीस-पंचवीस मिनिटांनी हललं की भावंडांत सरकवा. गार पिल्लाला दूध पाजू नका, आधी ऊब. पहिला आठवडाभर त्यांना स्वतःची ऊब राखता येत नाही, आणि डिसेंबरात आमच्याकडं पहाट चांगलीच गार असते. मी रात्री पिंजऱ्याच्या तीन बाजूंना पोती सोडते, एक बाजू हवेला मोकळी.

मग सगळ्यांना जी भीती वाटते तिच्याबद्दल. "आई पिल्लांकडं जातच नाही." तिसऱ्या वेताला मी दिवसभर खुर्ची टाकून बसले होते. मादी खोक्याकडं पाठ करून गवत खात होती. मी रडकुंडीला येऊन आत्यांना, म्हणजे सासूबाईंना बोलावलं. त्या म्हणाल्या, "बाळंतिणीच्या खोलीत सारखं कोण डोकावतं का गं? ऊठ तिथनं." त्यांचं बरोबर होतं. सशीण दिवसातून एकदा, फार तर दोनदा पाजते, तीन ते पाच मिनिटं, तेही पहाटे किंवा अंधार पडल्यावर. रानात बिळाजवळ घुटमळलं तर शिकाऱ्याला ठावठिकाणा कळतो, म्हणून ती लांब राहते. पाजलंय का हे पिल्लांच्या पोटावरून ओळखा. पाजलेलं पोट गोल, तट्ट आणि कातडीतून पांढुरकं दिसतं. उपाशी पिल्लाची कातडी सुरकुतलेली असते. सकाळी एक नजर, बस्स. मी भाजीच्या छोट्या डिजिटल काट्यावर एक दिवसाआड वजन करते. जन्मताना ४०-५० ग्रॅमचं पिल्लू आठवड्यात दुप्पट झालं की काळजी नाही.

दोन दिवस पोटं खपाटीलाच असतील तर मादीचे सड तपासा. गरम, कडक, निळसर असतील तर डॉक्टर. पिल्लांना दुसरी पाजणारी मादी मिळाली तर तेच सगळ्यात चांगलं, दोन-तीन दिवसांच्या फरकाची पिल्लं ती घेते. माझ्या शेजारच्या वस्तीवर एक जण ससे पाळतात, म्हणून आम्ही दोघं एकाच आठवड्यात जोड्या लावतो. बाटलीनं, ड्रॉपरनं पाजलेली फार थोडी जगतात, दूध फुप्फुसात जातं.

चौथ्या-पाचव्या दिवशी लव दिसते. दहाव्या ते बाराव्या दिवशी डोळे उघडतात. तेराव्या दिवशीही कोणाचे मिटलेले असतील तर उकळून कोमट केलेल्या पाण्यात कापूस बुडवून पुसा, ओढू नका. तीन आठवड्यांत बाहेर येऊन आईचं गवत कुरतडायला लागतात.

पाचवा ते आठवा आठवडा हा धोक्याचा. दिसायला सगळं छान असतं, आणि एक दिवस एखादं पिल्लू पोट फुगवून, कान पाडून बसतं, मागं चिकट हगवण. हा कॉक्सिडिया, आतड्यातल्या सूक्ष्म परजीवींचा आजार. ओल आणि लेंड्यांचा साठा यातून येतो. रोज खालचं झाडा, ओलं काड बदला, गवत जमिनीवर न टाकता मांडणीत द्या. हगवण दिसली तर दुसऱ्या दिवसाची वाट न बघता त्याला वेगळं करून दवाखान्यात न्या, लहान पिल्लू एका दिवसात जातं. मऊ, द्राक्षाच्या घडासारख्या चिकटलेल्या लेंड्या मादी स्वतः खाताना दिसली तर मात्र तो आजार नाही. सशाला त्या लागतातच.

नर या सगळ्यात दुसऱ्या पिंजऱ्यात असला पाहिजे. व्याल्यावर काही तासांत मादी पुन्हा गाभण राहू शकते. वर्षाला एक वेत, फार तर दोन, त्यापुढं मी तिला त्रास देत नाही.

आठ आठवडे पूर्ण झाले की पिल्लं द्यायला निघतात. दहाव्या आठवड्यापर्यंत जी उरतील त्यांच्यातले नर-माद्या वेगळे करा, भाऊ-बहीण बघत नाहीत. देताना मी प्रत्येकाबरोबर आमच्या पडीकातलं चार दिवसांचं गवत बांधून देते, कारण जागा आणि खाणं एकाच दिवशी बदललं की पोट बिघडतं. वर एक चिठ्ठी: जन्मतारीख, नर की मादी, आईबापाची नावं, आणि माझा फोन. गेल्या माघातलं शेवटचं पिल्लू कवठ्याला एका शिक्षिकेकडं गेलं. परवा त्यांचा फोन आला, उन्हाळ्यात पिंजऱ्यात काय ठेवू म्हणून. पाण्यानं भरून गोठवलेली बाटली, तिच्यावर ओलं पोतं, असं सांगितलं.